पटावरचे दाणे आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार... ही गोष्ट ठाऊक नाही असा माणूस विरळाच. राजाची कोठारं अपुरी पडली की ती संपते. मला मात्र दाण्यांपेक्षा त्या बेरजेचंच कौतुक जास्त:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

एकं, दहं, शतं ही भास्कराचार्यांची यादी अठराव्या स्थानी, परार्धावर थांबते. हे दाणे १८४ परार्धांच्याही वर जातात. स्प्रेडशीटमध्ये ही संख्या भरली तर बहुतेक वेळा शेवटच्या पाच अंकांची शून्यं होतात, म्हणजे हिचं काम कागदावरच.

हिचे मूळ अवयव पाडायचे आहेत. शेवटी ५ आहे, तेव्हा ५ ने भाग जाणार. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जाणार. पुढे घाम फुटायला हवा, पण शाळेतलं एक सूत्र धावून येतं: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). आपली संख्या म्हणजे २⁶⁴ − १, अर्थात (२³² + १)(२³² − १). दुसऱ्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावायचं, मग पुन्हा. शेवटी हाती येतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. सहावीही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फर्माने मानलं होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भागून दाखवलं.

हे पटवून घ्यायला दहा अंकी भागाकार नको, बसच्या तिकिटामागे मावेल एवढाच हिशेब आहे. ६४१ म्हणजे ५ × २⁷ + १. म्हणून ५ × २⁷ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ धरता येते. चौथा घात घेतला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. पण ५⁴ म्हणजे ६२५, आणि ६४१ च्या हिशेबात ६२५ काय नि −१६ काय, सारखंच. तेव्हा −१६ × २²⁸, म्हणजेच −२³², याचीही बाकी १. मग २³² + १ ची बाकी शून्य. झालं!

आणि ६४१ सापडलाच कसा? २³² + १ चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असावा लागतो, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फटक्यात काम फत्ते. ही चाळणी निघते तीही फर्माच्याच एका प्रमेयातून, बिचारा!

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो आणि ६४१ बाजूला ठेवले की उरलेल्या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो. गाउसच्या कामामुळे कळलं, की एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. बाजूंची संख्या विषम असलेला याहून मोठा असा बहुभुज अजून कुणाला सापडलेला नाही. वहीत काढलाच, तर दिसेल मात्र वर्तुळ.