बिघाड कळवायचा की सोय मागायची?

ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, भाच्याने मला घरच्या सर्व्हरची स्क्रीन दाखवली. ‘मामा, वऱ्हाड दोन काहून दिसून राहिले?’ एकाच लग्नाच्या फोल्डरात हळद, सीमांतपूजन आणि त्याखाली ‘वऱ्हाड’, पुन्हा ‘वऱ्हाड’. नाव हुबेहूब तेच, आतले फोटो निराळे. पहिला उघडला. दुसऱ्यावर क्लिक केलं तर उत्तर आलं, ‘फोल्डर सापडला नाही.’

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. एका लग्नाचा डेटा मोबाइलच्या नेटवर कुठे चढवायचा म्हटलं तर दिवसच्या दिवस जातात. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर स्टोरेज सर्व्हरचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं आहे आणि सगळं घरातच ठेवतो. भाचा लगेच ते बनवणाऱ्यांना लिहायला बसला : ‘तुमच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जमत नाही, दुरुस्त करा.’ मी त्याला थांबवलं. त्या एका ओळीत दोन वेगळी गाऱ्हाणी मिसळली होती, आणि मिसळून पाठवलं की दोन्ही पडून राहतात.

बिघाड, म्हणजे बग, तेव्हा म्हणावा जेव्हा सॉफ्टवेअरने ‘हे मी करतो’ असं सांगितलं आणि केलं नाही. ते काम करायचं त्याने कधी कबूलच केलं नसेल, पण आपल्याला हवं असेल, तर ती नव्या सोयीची मागणी. आपल्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं, काम अडलेलं असतं. म्हणून आपल्याला किती त्रास झाला त्यावरून हे ठरत नाही. काय कबूल केलं होतं, ते माहितीपुस्तिकेत शोधावं लागतं.

आता त्या दोन वऱ्हाडांचं बघा. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं : एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याच्या खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं जोडून. युनिकोड दोन्ही समान मानतं. मॅक कॉम्प्युटरची जुनी फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था), एचएफएस प्लस, नावं साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवायची. २०१७ मध्ये मॅकवर एपीएफएस ही नवी फाइल सिस्टम आली, पण भाच्याची जुनी हार्डडिस्क एचएफएस प्लसचीच. त्याने ती आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर उतरवली. सर्व्हर लिनक्सचा, फाइल सिस्टम एक्स्ट-फोर. ती नावाकडे अक्षरं म्हणून पाहतच नाही, आले तसे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे, ठेवते. माझा ‘वऱ्हाड’ सलग चिन्हाचा, भाच्याचा फोडलेला. तिच्या लेखी दोन वेगळी नावं.

म्हणजे दोन फोल्डर दिसणं हा बिघाड नाही. बाइट जसेच्या तसे ठेवीन एवढंच फाइल सिस्टमने कबूल केलं होतं आणि ते तिने पाळलं. ‘अशी नावं आली तर निदान सावध करा’ ही मागणी आहे, आणि माझ्या मते रास्त मागणी आहे. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातही हे अक्षर येतं. पण दुसरा फोल्डर यादीत दिसतो आणि उघडत नाही, हा मात्र पक्का बिघाड. सर्व्हरचं वेब पान नाव वाचताना फोडलेला ‘ऱ’ सलग करून घेत होतं आणि त्या बदललेल्या नावाने डिस्कवर शोधत होतं. जे स्वतः दाखवलं तेच त्याला सापडेना.

यात तिसरा वऱ्हाडही निघाला, एका जुन्या सीडीवर. त्यात ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरलं होतं. डोळ्यांना फरक कळत नाही, पण हे रूप युनिकोड पहिल्या दोघांच्या बरोबरीचं मानत नाही. त्यामुळे शोधात तिन्ही एकत्र यावेत असं वाटत असेल तर ती निव्वळ मागणी. आणि आरसिंकमध्ये नावं बदलून घेणारा ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आधीपासून आहे, हे आम्हाला नंतर वाचून कळलं. अर्धी मागणी तिथेच संपली. लिहिण्याआधी हे पाहायलाच हवं.

बिघाड आणि मागणी या दोन्हींची चाल किती वेगळी असते ते ओपनझेडएफएस या फाइल सिस्टमवरून कळतं. घरगुती सर्व्हरवर ती बरेच जण वापरतात. रेडझेड पद्धतीने एकत्र बांधलेल्या डिस्कांच्या गटात नंतर एकच डिस्क वाढवता येत नव्हती. लोकांना ते तुटकं वाटायचं, पण ती नोंदवलेली मर्यादा होती. त्यावरच्या कामाची घोषणा २०१७ मध्ये झाली आणि सोय हाती आली जानेवारी २०२५ मध्ये, २.३ आवृत्तीत. उलट, नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉपी केलेल्या काही फाइलींत मधला भाग शून्यांनी भरलेला निघाला. आधी संशय २.२ आवृत्तीतल्या नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (डेटा पुन्हा न लिहिता कॉपी करण्याच्या सोयीवर) गेला, ते २.२.१ मध्ये बंद केलं गेलं. मग बिघाड मुद्दाम घडवून आणणारी छोटी स्क्रिप्ट तयार झाली आणि मूळ चूक त्याहून जुनी असल्याचं उघड झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस दुरुस्ती आली. हा बिघाड कुणी ‘कॉपी अधिक भरवशाची करा’ अशी मागणी म्हणून लिहिला असता, तर तो इतर मागण्यांच्या रांगेत मतांची वाट पाहत बसला असता.

म्हणून लिहिण्याची रीतही वेगळी. बिघाडात आवृत्ती, कोणत्या पायऱ्यांनी तो पुन्हा घडतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं पुरतं. आपली कहाणी नको. मागणीत मात्र कहाणीच लागते. ‘अमुक बटण द्या’ म्हटलं की बनवणारा बटणावर वाद घालतो. आपलं काम कुठे अडतं हे सांगितलं तर तो कदाचित बटणापेक्षा चांगलं काही सुचवेल.

आमची विजेची मागणी अशीच सुटली. अवकाळीच्या दिवसांत इकडे तासात चारदा लाईन जाते-येते. यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर कबूल केल्याप्रमाणे नीट बंद होतो. लाईन आली की लगेच सुरू होतो. पाच मिनिटांत लाईन पुन्हा गेली, बॅटरी अजून रिकामी, आणि या वेळी सर्व्हर धाडकन बंद. यात बिघाड कुठेच नाही. मी ‘यूपीएसचा आधार सुधारा’ असं न लिहिता हा घटनाक्रम मिनिटांसकट लिहिला. उत्तरात कळलं की आत चालणाऱ्या, यूपीएस सांभाळणाऱ्या ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ या सॉफ्टवेअरमध्ये, बॅटरी ठरावीक टक्के भरेपर्यंत वीज परत द्यायची नाही, अशी सेटिंग काही यूपीएससाठी आहेच. फक्त वेब पानावर ती दिसत नाही. मग मागणी एवढीच उरली : तो आकडा पानावर आणा. दुसऱ्या वऱ्हाडाचा बिघाड भाच्याने वेगळा पाठवला, दोन्ही नावांचे बाइट जोडून.