‘फाशीतून वाचलेले नऊ आयरिश’ : खुलासा

१८४८मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या बंडात नऊ आयरिश तरुणांना फाशीची शिक्षा झाली, राणीने दया दाखवून ऑस्ट्रेलियात धाडलं आणि पुढे सगळे मोठ्या पदांवर पोचले, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे.

फाशी सुनावली गेली चौघांना: ओब्रायन, माहर, मॅकमॅनस, ओडोनोह्यू. मेसेजमधला डफी, जो पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताचा प्रीमियर (सरकारप्रमुख) झाला, तो कधी दोषीच ठरला नाही. तो आपणहून तिथे गेला. त्यातलाच थॉमस मॅगी तर अमेरिकेला निसटला होता.

चौघांची फाशी रद्द होऊन त्यांना ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर हद्दपार केलं. तिथे प्रत्येक हद्दपार बंडखोराला वेगळा जिल्हा, हद्द ओलांडायची नाही. म्हणून माहर आणि ओडोहर्टी (फाशी न सुनावलेला, पण हद्दपार झालेला साथीदार) हद्दीवरच्या पुलावर टेबल मांडून, आपापल्या बाजूला बसून एकत्र जेवत! ओब्रायनला तर मराया बेटावर एकांतात ठेवलं. ओडोनोह्यू १८५४मध्ये न्यूयॉर्कला हलाखीत वारला. मेसेजमध्ये मात्र त्याला अमेरिकी सैन्याचा ब्रिगेडियर जनरल केलंय, हे मला फार लागतं.