वेलिंग्टन खरंच असं म्हणाला होता का?

"वॉटर्लूची लढाई ईटनच्या खेळाच्या मैदानावर जिंकली गेली" हे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ब्रिटिश सेनापतीचं, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं वाक्य म्हणून स्पोर्ट्स डेच्या भाषणात कोणीतरी हमखास फेकतंच. पण तो वारला 1852 ला आणि वाक्य त्याच्या नावावर चिकटलं त्यानंतर काही वर्षांनी, एका फ्रेंच लेखकाच्या पुस्तकातून. ईटन या इंग्लंडमधल्या शाळेत गडी होता जेमतेम तीन वर्षं, 1781 ते 84, आणि तिथं रमला वगैरे अजिबात नाही, शिवाय तेव्हा शाळेत आजच्यासारखे सक्तीचे संघ-बिंघ कुठले! उलट म्हातारपणी सगळ्यात भारी लढाई कोणती असं विचारलं तर म्हणे त्याने वॉटर्लू सोडून आपल्या जालन्याजवळच्या असईचं नाव घेतलं, 1803 ची, शिंदे-भोसल्यांविरुद्धची.