ग्रॉस आणि नेट हॉर्सपॉवर : १९७२ मध्ये अमेरिकन मसल कारची ताकद गेली कुठे?

१९७० च्या शेवरले कमॅरो झेड-२८ मध्ये एलटी-१ नावाचं ३५० क्युबिक इंची, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. कंपनीने सांगितलेली ताकद ३६० हॉर्सपॉवर. १९७२ मध्ये त्याच नावाच्या, तेवढ्याच आकाराच्या इंजिनापुढे आकडा लागला २५५. प्रदूषणाच्या नियमांनी मसल कारचा, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांचा गळा घोटला, असं यावर सर्रास सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे, कारण हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. पहिला ग्रॉस आहे, दुसरा नेट.

ग्रॉस मोजायचं तर इंजिन गाडीत नसायचंच. ते टेस्ट बेंचवर बसवायचे, पंखा नाही, अल्टरनेटर नाही, पॉवर स्टिअरिंगचा पंप नाही, एअर क्लीनर नाही. धूर बाहेर पडायला मोकळे पाइप. इग्निशनचं टायमिंगही जास्तीत जास्त ताकद मिळेल असं लावलेलं. नेटसाठी मात्र हे सगळं जोडून, गाडीतलाच सायलेन्सर लावून मोजतात. म्हणजे गिऱ्हाइकाला जे इंजिन प्रत्यक्ष मिळतं, त्याच्या जवळ जाणारा आकडा नेटचा.

जनरल मोटर्सने १९७१ मध्ये दोन्ही आकडे छापले, आणि त्यामुळे आज हिशेब उलगडता येतो. त्या वर्षी कमी शिशाच्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून एलटी-१ चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११:१ वरून ९:१ केलं. ग्रॉस ३६० वरून ३३० वर आलं. ही ३० ची घट खरीखुरी. पण त्याच १९७१ च्या इंजिनाचं नेट होतं २७५. हा ५५ चा फरक निव्वळ मोजणीचा, इंजिनातला एक नटही बदललेला नव्हता. पुढच्या वर्षी आणखी २० गेले. एकूण १०५ पैकी निम्म्याहून जास्त घट कागदावरची!

क्रायस्लरच्या ४२६ हेमी या इंजिनाचंही तेच. प्रसिद्ध ४२५ हॉर्सपॉवर हा ग्रॉस आकडा. १९७१ मध्ये त्याचं नेट ३५० दिलं गेलं. आजच्या गाड्यांचे आकडे नेट असतात, तेव्हा त्यांच्याशी तुलना करताना ३५० च धरायला हवेत.

मग ग्रॉस म्हणजे नेहमी फुगवलेलाच आकडा का? तसंही नाही. जनरल मोटर्समध्ये नियम होता की (कॉर्वेट सोडून) गाडीच्या दर १० पौंड वजनामागे एकाहून जास्त हॉर्सपॉवर असू नये. १९६७ मध्ये पॉन्टियॅकचं ४०० क्युबिक इंची इंजिन जीटीओमध्ये ३३५ चं होतं. हलक्या फायरबर्डमध्ये ते ३२५ चं दाखवलं गेलं. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या लिंकेजला पत्र्याची एक छोटी जीभ ठेवली होती, ती थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडू देत नसे. जाणकार ती वाकवायचे, की झालं काम. ताकदवान गाड्यांच्या विम्याचे हप्ते वाढू लागल्यावर आकडा कमी सांगण्यात कंपन्यांचाही फायदा होता.

मला विचाराल तर या गाड्यांची ओढ हॉर्सपॉवरच्या आकड्यात नव्हतीच, ती टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवणाऱ्या जोरात होती. १९७० च्या ब्युइक जीएसच्या ४५५ स्टेज-१ ला हॉर्सपॉवर ३६० च, हेमीपेक्षा बरीच कमी. टॉर्क मात्र ५१० पौंड-फूट, आणि तोही अवघ्या २,८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). हेमीचा होता ४९०, ४,००० आरपीएमला. (हेही ग्रॉसच.) डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. तिथे इंजिन ५,००० आरपीएमवर चढेपर्यंत थांबायला वेळ नसे. सिग्नल सुटताक्षणी मागच्या चाकांवर काय पोचतं, त्यावर निकाल लागायचा.