कॅनडातल्या लाकूड उद्योगाला सरकारी मदत

कॅनडातल्या सॉफ्टवुड लाकडाच्या गिरण्या म्हणजे सॉ मिल, त्यातले कामगार आणि त्या गिरण्यांवर जगणारी गावं तगून राहावीत म्हणून तिथलं केंद्र सरकार आणि प्रांतांची सरकारं वेळोवेळी जे उपाय करत आलीत त्यांची ही नोंद. सॉफ्टवुड म्हणजे पाइन, स्प्रूस, फर, हेमलॉक असल्या सूचिपर्णी झाडांचं लाकूड. तिकडे घराचा अख्खा सांगाडा याच फळ्यांचा असतो, त्यामुळे अमेरिकेत घरं बांधली जातात की नाही यावर कॅनडातल्या एखाद्या आडगावच्या गिरणीचा भोंगा वाजणार की नाही हे ठरतं.

या मदतीत मुळातच एक गोची आहे आणि ती कळल्याशिवाय बाकी काहीच कळत नाही. गिरणीवाल्याच्या हातात सरकारने थेट पैसे ठेवले की अमेरिका म्हणते बघा, सबसिडी देतायत, आणि कॅनडातून येणाऱ्या लाकडावरचा आयात कर वाढवते. म्हणजे मदत करावी तर कर वाढतो आणि न करावी तर गिरणी बंद पडते. त्यामुळे तिथली मदत सहसा सरळ रस्त्याने येत नाही, कर्जाची हमी, कामगारांचा विमा, संशोधन, नवीन गिऱ्हाईक शोधणं अशी वळणं घेत येते.

भांडणाचं मूळ जंगलाच्या मालकीत आहे. कॅनडात ९० टक्क्यांहून जास्त जंगल सरकारी, गिरण्यांना झाडं तोडायचे हक्क मिळतात आणि त्याबद्दल त्या प्रांताला प्रति घनमीटर एक शुल्क भरतात, त्याला तिकडे स्टंपेज म्हणतात. अमेरिकेत बरंचसं लाकूड खाजगी जमिनीवरून येतं आणि लिलावात भाव ठरतो. अमेरिकन गिरणीवाल्यांचं म्हणणं असं की स्टंपेज मुद्दाम कमी ठेवलंय, म्हणजे ही लपवलेली सबसिडीच. कॅनडा म्हणतो आमचं जंगल आमच्या पद्धतीने चालतं, यात सबसिडी कुठे आली. हे १९८२ पासून चाललंय! मधेमधे समझोते झाले, १९८६, १९९६, २००६, आणि प्रत्येक समझोता संपला की पुन्हा पहिल्यापासून.

२००६ चा करार त्यातल्या त्यात मोठा. अमेरिकेने तोवर गोळा केलेल्या करापैकी साधारण ४ अब्ज डॉलर परत केले, १ अब्ज ठेवून घेतले, आणि त्या बदल्यात लाकडाचा भाव हजार बोर्ड फुटाला (बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी) ३५५ डॉलरच्या खाली गेला की कॅनडाने स्वतःच निर्यातीवर कर लावायचा असं ठरलं. शिवाय एक कलम होतं की दुसऱ्या वाटेने मदत देऊन करार निष्फळ करायचा नाही. आणि नेमकं याच कलमावर पुढे घोडं अडलं.

कारण लगेच अमेरिकेतला घरांचा बाजार कोसळला. २००५ मध्ये तिकडे वर्षाला २० लाखांवर नवीन घरांची कामं सुरू होत होती, २००९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे पाव. कॅनडातल्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. ओंटारियो आणि क्विबेक या प्रांतांनी आपापल्या गिरण्यांना अनुदान, कर्ज, सवलती दिल्या, अमेरिका लंडनच्या लवादात गेली आणि जानेवारी २०११ मध्ये निकाल लागला की यातल्या काही योजनांनी करार मोडलाय. शिक्षा म्हणून क्विबेकच्या लाकडावर २.६ टक्के आणि ओंटारियोच्या लाकडावर ०.१ टक्के जादा निर्यात कर. ज्यांना हात द्यायला गेले त्यांच्याच मालावर कर बसला.

पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताची गोष्ट वेगळी, तिथे भुंगा आडवा आला. माउंटन पाइन बीटल नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा किडा, पाइनच्या सालीत शिरून झाड मारतो. हिवाळे पुरेसे कडक राहिले नाहीत म्हणून १९९० च्या दशकापासून हा इतका माजला की प्रांतातलं विक्रीयोग्य लॉजपोल पाइन निम्म्याहून जास्त मेलं. मेलेलं झाड काही वर्षांतच फुटतं, तडकतं, म्हणून ते घाईघाईने तोडणं भाग होतं आणि अशा खालच्या दर्जाच्या ओंडक्यांना सरकार घनमीटरला फक्त २५ सेंट लावत होतं. अमेरिका यावरूनही लवादात गेली, पण २०१२ मध्ये हा दावा फेटाळला गेला. पुढे मेलेलं लाकूडही संपत आलं आणि मग गिरण्या बंद पडू लागल्या त्या लाकूडच नाही म्हणून, त्याला कुठलंही पॅकेज पुरेसं नाही.

२००९ मधला किस्सा तर भारीच आहे. कागदाचा लगदा करताना उरणाऱ्या काळ्या द्रवाला ब्लॅक लिकर म्हणतात, गिरण्या तो वर्षानुवर्षं स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतात. अमेरिकेत पर्यायी इंधनासाठी गॅलनला ५० सेंट करसवलत होती, मात्र त्यात साधं इंधन मिसळलेलं हवं. मग तिकडच्या कागद कंपन्यांनी ब्लॅक लिकरमध्ये थोडं डिझेल ओतायला सुरुवात केली आणि अब्जावधी डॉलरची सवलत उचलली. पर्यावरणासाठी काढलेल्या सवलतीपायी डिझेल जाळलं गेलं! कॅनडातल्या गिरण्या यात मागे पडणार म्हणून तिथल्या सरकारने जून २००९ मध्ये १ अब्ज डॉलरची योजना आणली, ब्लॅक लिकरच्या लिटरमागे १६ सेंट, पण ते पैसे ऊर्जा वाचवणं, प्रदूषण कमी करणं असल्या कामांवरच खर्च करायचे अशी अट. इतर योजनांच्या मानाने ही बरी वाटते, पैसा निदान यंत्रांत गेला.

२००६ चा करार २०१५ मध्ये संपला, २०१६ च्या शेवटी अमेरिकन गिरणीवाल्यांनी पुन्हा तक्रार केली आणि २०१७ मध्ये बहुतेक कॅनेडियन कंपन्यांवर मिळून २० टक्क्यांच्या आसपास कर बसला. १ जून २०१७ ला कॅनडाने ८६७ दशलक्ष डॉलरचं पॅकेज जाहीर केलं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा सरकारी बँकांमार्फत कर्ज आणि कर्जहमीचा, तेही व्यापारी अटींवर, म्हणजे सबसिडीचा ठपका नको. बाकी नवीन उत्पादनं, बाहेरच्या बाजारपेठा, आदिवासी समाजांचे वनप्रकल्प वगैरे.

कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची योजना म्हणजे वर्क-शेअरिंग. गिरणीत काम कमी झालं तर निम्म्या लोकांना घरी पाठवण्याऐवजी सगळ्यांचेच तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग रोजगार विम्यातून द्यायचा. नेहमी याची मुदत जास्तीत जास्त ३८ आठवडे असते, लाकूडवाल्यांसाठी ती ७६ केली. गिरणी तात्पुरती मंदावली असेल तर हे उत्तमच, गिरणीकामात मुरलेली माणसं गाव सोडून जात नाहीत. कायमची बंद होणार असेल तर मात्र उपयोग शून्य, आणि तिथे ब्रिटिश कोलंबियाने २०१९ मध्ये ६९ दशलक्ष डॉलरची वेगळी योजना काढली, त्यात वय झालेल्या कामगारांना निवृत्तीपर्यंत आधार आणि बाकीच्यांना तात्पुरतं काम व प्रशिक्षण होतं.

२०२५ मध्ये प्रकरण फारच चिघळलं. ऑगस्टमध्ये एकत्रित कर ३५ टक्क्यांवर गेला, १४ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली आणखी १० टक्के, म्हणजे ४५. (फळीपासून सुरक्षेला धोका कसा हे विचारायचं नाही.) पंतप्रधान मार्क कार्नी यांनी ५ ऑगस्टला ब्रिटिश कोलंबियातल्या वेस्ट केलोना इथे ७०० दशलक्ष डॉलरची कर्जहमी, नवीन उत्पादनं आणि बाजारपेठांसाठी ५०० दशलक्ष, आणि ६ हजारांवर कामगारांच्या प्रशिक्षणासाठी ५० दशलक्ष जाहीर केले. सोबत सरकारी घरबांधणीत देशी लाकूड आधी वापरायचं असंही ठरलं. नोव्हेंबरमध्ये लाकूड एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात न्यायचं रेल्वेभाडं निम्म्यावर आणायची घोषणा झाली. कर्जहमीवर टीका अशी की कर्ज फेडायला आधी माल विकला जायला हवा, आणि तिढा तर तिथेच आहे. मोठ्या कंपन्यांनी, उदाहरणार्थ कॅनफोर, वेस्ट फ्रेझर, इंटरफोर, कधीच अमेरिकेच्या दक्षिण भागात गिरण्या घेऊन ठेवल्यात, कराचा फटका छोट्यांना जास्त.

देशातच लाकूड जास्त खपवायचं हा उपाय कमी गाजतो पण कोणाला त्यावर बोट ठेवता येत नाही. ब्रिटिश कोलंबियाने २००९ मध्ये कायदाच केला की सरकारी पैशाच्या इमारतीत आधी लाकडाचा विचार व्हावा, आणि त्याच वर्षी सहा मजल्यांपर्यंत लाकडी घरांना परवानगी दिली. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ब्रॉक कॉमन्स नावाचं १८ मजली विद्यार्थी वसतिगृह उभं आहे, सांगाडा बहुतेक लाकडाचा, जिने-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे.

बाहेरच्या बाजाराच्या शोधात हा प्रांत मुंबईपर्यंत आलाय. फॉरेस्ट्री इनोव्हेशन इन्व्हेस्टमेंट ही प्रांताची सरकारी कंपनी ‘कॅनेडियन वुड’ या नावाने इथे ऑफिस चालवते आणि दारं, खिडक्या, फर्निचर बनवणाऱ्यांना हेमलॉक, डग्लस-फर, रेड सीडर वगैरेचे नमुने देते, वापरून दाखवते. आपल्याकडे दार म्हटलं की सागवान, आणि वखारवाल्याला पहिला प्रश्न वाळवी लागेल का, हाच असतो. रेड सीडर कुजायला मुळातच चिवट आहे, पण स्प्रूस-पाइनच्या फळ्यांना आपल्या हवेत औषध मारावंच लागतं.