फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सांता क्लारा काउंटीत सरकारी माध्यमिक शाळा चालवणारी स्वायत्त स्थानिक संस्था. स्थापना १९२३. सनीवेल आणि क्युपर्टिनो या शहरांचा बहुतांश भाग, तसेच सॅन होजे, लॉस आल्टोस, साराटोगा आणि सांता क्लारा या शहरांचे काही तुकडे तिच्या हद्दीत येतात. क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मैल (१०९ चौ. किमी.). नववी ते बारावीपर्यंतची पाच हायस्कुले ती चालवते : फ्रीमाँट, क्युपर्टिनो, होमस्टेड, लिनब्रुक आणि माँटा व्हिस्टा. याशिवाय प्रौढांसाठी एक शाळा आहे. नावातले साम्य सोडले, तर सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या फ्रीमाँट शहराशी या संस्थेचा काही संबंध नाही. दोन्ही नावे एकोणिसाव्या शतकातले लष्करी अधिकारी आणि राजकारणी जॉन सी. फ्रीमाँट यांच्यावरून आली, इतकेच.

इथला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. शाळांपुरती आखलेली ती एक हद्द असते आणि ती शहरांच्या सीमांना जुमानत नाही. तिच्यावर मतदारांनी निवडलेले मंडळ असते, शिक्षक त्या मंडळाचे नोकर असतात आणि खर्चाचा मोठा वाटा त्याच हद्दीतल्या मालमत्ता करातून निघतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळा असतात, पण केवळ शिक्षणासाठी वेगळी निवडणूक होते आणि मतदार स्वतःवर जादा कर बसवून घ्यायचा की नाही हे मतपेटीतून ठरवतात, अशी व्यवस्था महाराष्ट्रात नाही. म्हणूनच तिकडे राहायला गेलेल्या मराठी माणसाला ती उमगायला वेळ लागतो.

फळबागांच्या काळात
कॅलिफोर्नियात गावोगावी आठवीपर्यंतच्या शाळांचे छोटे डिस्ट्रिक्ट होते. एकट्या गावाला हायस्कूल परवडत नसे. १८९१ च्या राज्य कायद्याने अशा शेजारी डिस्ट्रिक्टांना एकत्र येऊन सामाईक हायस्कूल काढण्याची मुभा मिळाली. नावातला ‘युनियन’ तिथून आला. आज सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखले जाणारे हे खोरे त्या वेळी जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचे होते. सनीवेल हे फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यांचे गाव होते. क्युपर्टिनो हा तर चार रस्त्यांवरचा एक नाका होता, त्याला शहराचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला. बागवाल्यांनी आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी मिळून एक हायस्कूल उभे केले. सनीवेलमध्ये फ्रीमाँट अव्हेन्यूवर असलेली ही शाळा डिस्ट्रिक्टमधली सर्वांत जुनी. डिस्ट्रिक्टचे मुख्य कार्यालयही तिच्या शेजारीच आहे.

पहिली तीस-एक वर्षे या साऱ्या टापूला हे एकच हायस्कूल पुरले. याच काळातली एक गोष्ट विसरता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारी आदेशाने या खोऱ्यातली जपानी वंशाची शेतकरी कुटुंबे बागा आणि घरे सोडून छावण्यांत नेली गेली. शाळकरी मुलेही वर्ष अर्ध्यावर टाकून गेली. सांता क्लारा काउंटीतली बहुतेक कुटुंबे पुढे वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत होती.

तेरा वर्षांत पाच शाळा
१९५६ मध्ये लॉकहीड कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग सनीवेलला आला आणि बागा झपाट्याने तुटू लागल्या. युद्धानंतर जन्मलेली मुले हायस्कुलाच्या वयाला येत होती. सनीवेल हायस्कूल (१९५६, पुढे बंद झाले), क्युपर्टिनो (१९५८), होमस्टेड (१९६२), लिनब्रुक (१९६५), माँटा व्हिस्टा (१९६९) अशा पाच शाळा तेरा वर्षांत निघाल्या. 

या पिढीचे सर्वांत ठाऊक असलेले विद्यार्थी होमस्टेडचे, पुढे ॲपल कंपनी काढणारे दोघे : १९६८ मध्ये बाहेर पडलेला स्टीव्ह वॉझ्नियॅक आणि १९७२ मध्ये बाहेर पडलेला स्टीव्ह जॉब्स. दोघांनाही जॉन मॅकॉलम या शिक्षकांचा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग मिळाला. सरकारी हायस्कुलात सुट्या भागांनी भरलेली खोली होती आणि शिकवणारा माणूस कडक शिस्तीचा पण जाणकार होता. वर्गात शिकवण्यासारखे काही उरले नाही हे ओळखून मॅकॉलम यांनी वॉझ्नियॅकला आठवड्यातून एकदा सिल्व्हेनिया या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पाठवायची सोय केली. तिथे त्याला खरा संगणक हाताळता आला. शाळेच्या आसपास अशा कंपन्या होत्या म्हणूनच हे जमले.

जॉब्सच्या घरची हकीकत आणखी बोलकी आहे. माउंटन व्ह्यूमधल्या शाळेत परत जाणार नाही, असा हट्ट त्याने धरला. आईवडिलांनी होते-नव्हते ते पैसे काढून, क्युपर्टिनोच्या शाळा मिळतील अशा हद्दीत, लॉस आल्टोसमध्ये घर घेतले. पुढे ज्या घराच्या गॅरेजमध्ये ॲपलचे काम सुरू झाले, ते हेच. शाळेची हद्द पाहून घर घेण्याची रीत इथे पुष्कळ जुनी आहे, ती आशियाई कुटुंबांनी आणलेली नाही.

पैशाचे गणित
या संस्थेचे आजचे रूप कळायला तिचा जमाखर्च कळावा लागतो. श्रीमंत वस्तीतल्या शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीतल्या गरीब, हे चालणार नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्यात दिला. त्यानंतर १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला. त्याने मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला आणि करपात्र किमतीत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढ करता येणार नाही असे ठरवले. परिणामी एकाच गल्लीतली सारखी दोन घरे पाहिली, तर १९७५ मध्ये घर घेतलेले आजोबा आणि परवा घर घेतलेले अभियंता जोडपे यांच्या करात अनेक पटींचा फरक असतो. शाळा मात्र दोघांची तीच.

सेरानोच्या निकालानंतर राज्य सरकार प्रत्येक डिस्ट्रिक्टसाठी विद्यार्थीसंख्येवरून एक रक्कम ठरवू लागले. स्थानिक कर कमी पडला, तर उरलेले राज्य भरते. कर त्या रकमेहून जास्त जमला, तर जादा पैसे डिस्ट्रिक्टकडेच राहतात. फ्रीमाँट युनियन या दुसऱ्या गटात मोडतो. महागडी घरे आणि ॲपलसारख्या कंपन्यांच्या जागा यांमुळे त्याचा कर वरचढ ठरतो. त्याच घरांच्या करावर चालणारा, आठवीपर्यंतच्या शाळांचा क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्ट मात्र बराच काळ राज्याच्या मदतीवर, तुलनेने हात आखडून चालत असे. एकाच घरातला धाकटा एका तिजोरीवर शिकतो आणि थोरला दुसऱ्या, हे बाहेरच्याला खरे वाटत नाही.

इथेच एक गोम आहे. राज्याची मदत घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला एक विद्यार्थी वाढला की त्याच्यामागे पैसे मिळतात. फ्रीमाँट युनियनला मिळत नाहीत, फक्त खर्च वाढतो. म्हणून हद्दीबाहेरचे मूल आत येऊ नये यासाठी हा डिस्ट्रिक्ट विलक्षण दक्ष असतो. नववीच्या प्रवेशाला घराचे खरेदीखत किंवा भाडेकरार, वीजबिल असे पुरावे दाखवावे लागतात. शंका आली तर मूल खरोखर तिथे राहते का हे घरी येऊन तपासले जाते. नियमाच्या बाजूने पाहिले तर यात गैर काही नाही, कर भरणाऱ्यांचीच मुले शाळेत असावीत हे म्हणणे रास्त आहे. पण चार गावांनी पदरचे पैसे एकत्र करून काढलेल्या शाळेची हद्द आता आतल्यांना सांभाळण्यासाठी राखली जाते, हा बदल मला या संस्थेच्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा वाटतो.

इमारतींसाठी वेगळे कर्जरोखे काढले जातात. १९९८, २००८ (१९.८ कोटी डॉलर), २०१४ (२९.५ कोटी) आणि २०१८ (२७.५ कोटी) या वर्षी मतदारांनी ते मंजूर केले. प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला ९८ डॉलरचा जादा करही लोकांनी स्वीकारला. त्याला दोन-तृतीयांश मते लागतात, आणि हद्दीतल्या अनेक मतदारांची मुले शाळेत नसतात, हे लक्षात घेतले तर त्याचे मोल कळते.

विद्यार्थी आणि कारभार
१९८० नंतर तैवान, चीन, कोरिया आणि भारतातून आलेल्या कुटुंबांनी विद्यार्थिवर्ग बदलून गेला. माँटा व्हिस्टात आज तीन-चतुर्थांशाहून अधिक मुले आशियाई वंशाची आहेत. अभ्यासाचा ताण नको म्हणून गोरी कुटुंबे या शाळा टाळू लागली आहेत, अशी बातमी २००५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने माँटा व्हिस्टा आणि लिनब्रुकबद्दल दिली. त्यावरून बराच वाद झाला. ताण खरा आहे. पण सारा दोष आशियाई आईबापांच्या माथी मारणे मला पटत नाही. मोजक्या जागांची विद्यापीठे आणि शाळांचे क्रमांक लावणारी संकेतस्थळेही त्याला तितकीच कारण आहेत. फ्रीमाँट हायस्कूलचे चित्र वेगळे आहे. तिथे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांचे प्रमाण मोठे आहे आणि घरात कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी असलेली मुलेही बरीच आहेत. या शाळेच्या संघांचे जुने ‘इंडियन्स’ हे नाव बदलून ‘फायरबर्ड्स’ केले गेले.

सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतालच्या ‘बे एरिया’तल्या मराठी घरांत घरखरेदीची गोष्ट निघाली की “डिस्ट्रिक्ट कुठलं?” हा प्रश्न पहिल्या पाचात येतोच. मोठे घर सोडून, मूल बारावी होईपर्यंत हद्दीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारी कुटुंबेही आहेत. 

कारभार पाच सदस्यांच्या मंडळाकडे असतो. मुदत चार वर्षांची, निवडणूक पक्षविरहित. पूर्वी सर्व मतदार सर्व जागांसाठी मत देत. २०२२ पासून हद्दीचे पाच विभाग करून प्रत्येकातून एक सदस्य निवडला जातो. मंडळ अधीक्षकाची नेमणूक करते.

घटता पट
सत्तरच्या दशकात पट ओसरला आणि १९८१ मध्ये सनीवेल हायस्कूल बंद झाले. जागा विकली नाही, तिथे भाड्याने ‘द किंग्ज अकॅडमी’ ही खासगी ख्रिस्ती शाळा चालते. उत्तर सनीवेलच्या मुलांना तेव्हापासून जवळचे सरकारी हायस्कूल उरले नाही. आता पुन्हा तीच वेळ आली आहे. घरांच्या किमती तरुण कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि एकूण विद्यार्थी दहा हजारांच्या खाली आले. क्युपर्टिनो युनियनने २०२२ मध्ये काही प्राथमिक शाळा बंद केल्या. मुले कमी झाली म्हणून फ्रीमाँट युनियनचा कर कमी होत नाही, त्यामुळे पैशाची ओढाताण लगेच होत नाही. पण पट घसरला की विषय कमी होतात, वाद्यवृंद आणि संघ उभे करणे अवघड जाते. लिनब्रुकला याची झळ लागली. म्हणून फ्रीमाँट हायस्कूलच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना तिथे प्रवेशासाठी अर्ज करण्याची मुभा देण्यात आली आहे.