कीलेस मोटारी : रिले हल्ला आणि त्यापासून संरक्षण

किल्ली खिशातच ठेवून मोटारीचे दार उघडण्याच्या आणि बटण दाबून इंजिन सुरू करण्याच्या सोयीला कीलेस एंट्री म्हणतात. किल्ली आणि मोटार यांच्यात चालणारा रेडिओ संवाद चोरांनी मध्ये उभे राहून दूरवर पोहोचवणे आणि त्या जोरावर मोटार पळवणे म्हणजे रिले हल्ला. यात कुलूप फुटत नाही, सांकेतिक लिपी उलगडावी लागत नाही आणि किल्लीची नक्कलही करावी लागत नाही. घरात टेबलावर पडलेली खरी किल्लीच चोरासाठी दार उघडते.

दाराच्या मुठीला हात लागला की मोटार साधारण १२५ किलोहर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेवर साद घालते. हे मुख्यतः चुंबकीय क्षेत्र असते आणि अंतर वाढले की ते फार झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे एक-दोन मीटरपलीकडच्या किल्लीला ही साद कळत नाही. साद कळली की किल्ली जागी होते आणि ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर पाठवते. हे उत्तर मात्र बरेच लांब जाऊ शकते. मोटार दर वेळी नवी संख्या पाठवते आणि किल्ली आपल्याजवळच्या गुप्त संख्येच्या आधारे तिचे उत्तर काढते. म्हणून आधी टिपून ठेवलेले उत्तर नंतर चालत नाही. इथवर रचना भक्कम आहे. तिचा कच्चा दुवा एका गृहीतकात आहे : साद पोहोचली, त्या अर्थी किल्ली जवळच असणार. हे अंतर जुन्या पद्धतीची मोटार मोजून पाहत नाही.

चोर दोघे असतात. एक जण मोटारीपाशी उभा राहून तिची साद अँटेनाने टिपतो आणि दुसऱ्या वारंवारतेवर साथीदाराकडे पाठवतो. घराच्या दाराशी किंवा भिंतीलगत उभा असलेला साथीदार तीच साद मोठ्या ताकदीने आत सोडतो. किल्ली इमानदारीने उत्तर देते आणि ते थेट किंवा याच वाटेने मोटारीपर्यंत जाते. इंजिन एकदा सुरू झाले की किल्ली दूर राहिली तरी ते बंद पडत नाही. भर रस्त्यात इंजिन अचानक बंद पडणे जिवावर बेतू शकते, म्हणून ही रचना जाणूनबुजून केलेली आहे आणि ती बदलावी असे म्हणता येणार नाही.

या युक्तीचे तत्त्व मोटारींपेक्षा जुने आहे. बुद्धिबळ न येणारी मुलगी दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी खेळते, एकाची चाल दुसऱ्यापुढे करते आणि दोघांकडून हरणे टाळते, असे उदाहरण गणिती जॉन कॉनवे यांनी १९७६ मध्ये मांडले होते. ओळख पटवण्याच्या यंत्रणांना हाच धोका आहे हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सांकेतिक लिपीचे अभ्यासक इव्हो देस्मेट यांनी दाखवले. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतराची कमाल मर्यादा ठरवण्याची पद्धत स्टेफान ब्रँड्स आणि डेव्हिड चौम यांनी १९९३ मध्ये सुचवली. म्हणजे उपाय आधी सापडला होता आणि या धोक्याला बळी पडू शकणाऱ्या मोटारी नंतर रस्त्यावर आल्या! २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील फ्रान्सियों, डानेव्ह आणि चापकुन यांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा हल्ला करून पाहिला. दहाही मोटारी उघडल्या आणि सुरू झाल्या. जर्मनीतील एडीएसी ही मोटारचालकांची संघटना २०१६ पासून अशा चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करते. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१७ मध्ये अशा एका चोरीचे कॅमेऱ्यातील चित्रण प्रसिद्ध केले, तेव्हा हा प्रकार सर्वसामान्यांना डोळ्यांनी पाहता आला.

सांकेतिक लिपी आणखी कठीण केल्याने इथे काहीच साधत नाही, कारण चोर ती वाचतच नाही. खरा उपाय अंतर मोजण्याचा आहे. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा वेळ नॅनोसेकंदांच्या अचूकतेने मोजता आली तर किल्ली दाराशी आहे की घरात, हे कळते. रिलेची उपकरणे संदेशाला उशीर लावू शकतात, पण तो प्रकाशापेक्षा लवकर पोहोचवू शकत नाहीत. अल्ट्रा-वाइडबँड तंत्र अतिशय आखूड स्पंद वापरत असल्यामुळे अशी मोजणी त्याला जमते. त्यासाठीचे ८०२.१५.४झेड हे मानक २०२० मध्ये आले आणि मोबाइललाच किल्ली बनवणाऱ्या डिजिटल की ३.० या मानकाने २०२१ मध्ये ते तंत्र स्वीकारले. तरीही हे तंत्र म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. २०२२ मध्ये संशोधकांनी खोटे स्पंद मिसळून प्रत्यक्षात १२ मीटर असलेले अंतर काही प्रयत्नांत शून्य भासवून दाखवले. संदेश घेणारे यंत्र आलेल्या स्पंदांची छाननी किती कसून करते, यावर सारे अवलंबून राहते.

केवळ ब्लूटूथवर चालणाऱ्या किल्ल्यांनाही हा धोका असतो. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या संगणक-सुरक्षा कंपनीने ब्लूटूथ संदेश रिले करून टेस्ला मॉडेल ३ उघडून चालवून दाखवली. लहरीच्या कलेवरून (फेजवरून) अंतर काढण्याची सोय ब्लूटूथच्या ६.० आवृत्तीत २०२४ मध्ये आली.

रस्त्यावर आधीच असलेल्या मोटारींसाठी उपाय मालकाच्या हाती आहेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कीलेस सोयच बंद करणे. अनेक मोटारींत ती मेनूतून किंवा किल्लीवरील बटणांनी बंद करता येते. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा संवेदक असतो. फोर्डने २०१९ मध्ये आणलेली अशी किल्ली ४० सेकंद स्थिर राहिली की झोपी जाते. रात्रीच्या चोरीवर हा चांगला तोडगा आहे, पण मालक खिशात किल्ली घेऊन चालत असताना ती जागीच असते.

धातूच्या थराने रेडिओ लहरी अडवणारे फॅरडे पाकीट स्वस्त आणि उपयोगी असते, मात्र घड्यांवर झिजते. म्हणून बंद पाकीट घेऊन मोटारीपाशी जावे आणि दार उघडते का ते अधूनमधून पाहावे. जादा किल्लीही पाकिटातच हवी. ती हमखास विसरली जाते. किल्ली स्वयंपाकघरातील फॉइलमध्ये गुंडाळण्यावर विसंबू नये. १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे इतका पातळ ॲल्युमिनियम थर कमी पडतो. किल्लीचे उच्च वारंवारतेचे उत्तर तो अडवतो खरा, पण गुंडाळीत फट राहिली तर तेही निसटते. इंजिन सुरू होण्यापूर्वी पिन मागणारी यंत्रणा किंवा स्टिअरिंगचे लोखंडी कुलूप दार उघडणे थांबवत नाही, पण मोटार पळवणे अवघड करते.

कॅन इंजेक्शन हा चोरीचा प्रकार याहून वेगळा आहे. त्यात दिव्यामागच्या वायरींतून मोटारीच्या ‘कॅन’ या अंतर्गत जाळ्यात शिरून ‘किल्ली वैध आहे’ असा खोटा संदेश घुसवला जातो. २०२३ मध्ये त्याचे तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात किल्लीचा संबंधच येत नसल्यामुळे फॅरडे पाकीट तिथे निरुपयोगी ठरते आणि जाळ्यातील संदेश खरा की खोटा, हे मोटारीलाच तपासता यावे लागते.